सोलापूरच्या रानात महोगनी: रोप घेण्यापासून फळी ओळखण्यापर्यंत

आमच्या मोहोळ तालुक्यातल्या रानाच्या बांधावर साठ महोगनी उभ्या आहेत. रस्त्यावरून दिसतात, त्यामुळे माणसं गाडी थांबवून विचारतात, "एकरी किती निघतं?" मी त्यांना आधी झाडाखाली नेतो आणि पान हातात देतो. उत्पन्नाचा प्रश्न नंतरचा. कुठली महोगनी, कुठल्या जमिनीत आणि कुणाच्या पाण्यावर, हे ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नसतं. नव्याने लावणाऱ्यांसाठी, आणि फर्निचर करायचं म्हणून वखारीत जाणाऱ्यांसाठीही, नऊ वर्षांत जे हाताने केलं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी नाव पक्कं करा

महोगनी या एका नावाखाली नर्सरीत किमान तीन झाडं विकली जातात. मूळची महोगनी अमेरिका खंडातली. तिचं शास्त्रीय नाव स्विटेनिया, व्हान स्विटेन या अठराव्या शतकातल्या वैद्याच्या नावावरून पडलेलं. त्यात एक वेस्ट इंडीजमधली लहान पानांची. ती १७९५ साली कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. दुसरी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली मोठ्या पानांची, आणि आज लागवडीसाठी जी सांगितली जाते ती बहुतेक वेळा हीच. तिसरी आफ्रिकेतली, खाया नावाची. कुळ एकच, पण झाड निराळं.

ही सगळी आपल्या कडुनिंबाच्या आणि बकाणाच्या भावकीतली. दारात कडुनिंब असलेल्या माणसाला महोगनी परकी वाटत नाही, ती यामुळेच. संयुक्त पान, कडवट चव आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पानगळ होऊन लगेच येणारी तांबूस-पोपटी पालवी.

ओळखायचं कसं? मोठ्या पानांच्या महोगनीचं एक पर्ण, म्हणजे एका काडीवरच्या अनेक छोट्या पानांपैकी एक, हातात घ्या आणि देठाकडची बाजू बघा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. एक बाजू फुगीर, दुसरी आत ओढलेली, आणि पर्ण टोकाला निमुळतं. खायाचं पर्ण लांबट-गोल, देठाशी बरंचसं सारखं आणि टोक बोथट. झाडाला फळ असेल तर प्रश्नच मिटला. स्विटेनियाचं फळ नारळाच्या लहान शहाळ्याएवढं, लाकडासारखं कडक. ते देठाकडून पाच फाकांत उकलतं आणि आतून एका बाजूला लांब पंख असलेलं बी भिरभिरत खाली येतं. खायाचं फळ लिंबाहून थोडं मोठं, गोल, आणि बी चपटं, पंखाची किनार चारही बाजूंनी.

आम्ही हे न बघता रोपं आणली. एका नर्सरीतून साठ रोपं मोठ्या पानांची म्हणून घेतली. तिसऱ्या वर्षी पानं भरल्यावर कळलं की त्यातली बावीस खाया आहेत. झाड म्हणून खाया वाईट नाही, पुढे ते येईलच. पण आपण काय लावतोय हे आपल्याला ठाऊक नसणं वाईट. म्हणून रोपं घेताना पावतीवर शास्त्रीय नाव लिहून मागा. द्यायला कुरकुर झाली तर तिथून घेऊ नका.

मग पहार घ्या

सोलापूर जिल्ह्याचा पाऊस साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. मोठ्या पानांची महोगनी तिच्या मूळ जंगलात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेते. म्हणजे आपण तिला तिच्या सवयीच्या जेमतेम अर्ध्या पाण्यावर वाढवायला निघालोय, तेही बेचाळीस-त्रेचाळीस अंश उन्हाळ्यात. ही गोष्ट रोपं विकणाऱ्यांच्या जाहिरातीत नसते. बाकी सगळे निर्णय हिच्यावरून घ्यायचे.

आपल्याकडे एकाच गावात दोन टोकांच्या जमिनी असतात. भीमा-सीनेच्या काठची खोल काळी, आणि माळावरची वीतभर मातीखाली मुरूम. काळीत अडचण पाणी साचण्याची. पावसात ती फुगते, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्या भेगा बारीक मुळं तोडतात. मुरमात पाणी निघून जातं, ते चांगलं. पण खाली मांजऱ्या, म्हणजे दगडासारखा कडक थर, लागला तर मूळ तिथेच थांबतं.

म्हणून एप्रिल-मे महिन्यात जिथे झाड हवं तिथे दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या आणि तळाशी पहार मारून बघा. पहार खणकन वाजली तर जागा बदला. फुसफुशीत मुरूम निघाला तर उत्तम. काळी असेल तर खड्डा पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे महोगनी नको. फारच हौस असेल तर फूटभर उंचवटा करून त्यावर लावा. चोपण जमिनीत, जिथे वरून पांढरी खपली धरते, तिथे पैसे घालू नका.

आता पाणी. पहिले दोन उन्हाळे झाड स्वतःच्या बळावर निघत नाही. आमचा हिशेब असा होता: झाडाला तासाला चार लिटरचे दोन ड्रिपर, आठवड्यातून दोनदा अडीच अडीच तास. म्हणजे झाडाला आठवड्याला चाळीस लिटर. साठ झाडांना चोवीसशे लिटर, ते विहिरीला जड गेलं नाही. पण हेच दहा बाय दहा फुटांवर एक एकर लावलं तर झाडं होतात चारशे पस्तीस, आणि आठवड्याचं पाणी सतरा हजार चारशे लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सोळा आठवडे धरले तर पावणेतीन लाख लिटरच्या वर. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. तुमची विहीर किंवा बोअर एप्रिलात किती तास चालतो ते तुम्हालाच माहीत. हा आकडा त्याच्यापुढे ठेवून बघा. डाळिंबाचं आणि जनावरांचं पाणी काढून महोगनीला घालू नका.

पाणी बेताचं असेल तर माझा कौल खायाच्या बाजूने. तिच्यातली सेनेगलची जात आफ्रिकेतल्या कोरड्या माळरानातून आलेली आहे आणि साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पावसाच्या मुलखातही वाढते. आमच्या त्या बावीस झाडांनी मागच्या कडक उन्हाळ्यात पानं धरून ठेवली, स्विटेनियाने टाकली. आणि पाणी अजिबातच नसेल तर कडुनिंब, बाभूळ, चिंच आहेतच. त्यांची कुणी जाहिरात करत नाही, एवढंच.

लावणी

रोप पेन्सिलीएवढ्या जाडीचं, दीड-दोन फूट उंचीचं आणि एकाच शेंड्याचं घ्या. चार-पाच फुटी रोप बघून मोह होतो, पण पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गुंडाळी करून बसलेली असतात आणि ती गुंडाळी जन्मभर सुटत नाही. एक पिशवी नर्सरीतच फाडून दाखवायला सांगा.

खड्डे मे महिन्यात उघडे तापू द्यात. भरताना वरची माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलं की वाळवी आलीच. ठिबक असेल तर जुलैत पहिला मोठा पाऊस होऊन वाफसा आला की लावा. ठिबक नसेल तर घाई नको. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात पाऊस दडी मारतो आणि रोप उभ्या उभ्या वाळतं. सप्टेंबरच्या पावसावर लावलेलं रोप थंडीत मूळ धरतं. बुंध्याभोवती उसाचं पाचट अंथरा, पण खोडाला चिकटवू नका. वाऱ्याला बांबूची काठी द्या, दोरी सैल बांधा.

बांधावर लावताना शेजाऱ्याशी आधी बोला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावली उत्तरेकडे पडते. तुमच्या उत्तरेच्या बांधावर झाड लावलं तर ऐन रब्बीत सावली पडणार शेजाऱ्याच्या ज्वारीवर. दक्षिणेच्या बांधावर लावलं तर तुमच्या स्वतःच्या. आम्ही उत्तरेचा बांध सोडला. अंतर ठेवलं पंधरा फूट.

शेंडा सांभाळा, बाकी झाड स्वतःला सांभाळतं

महोगनीचा सगळा पैसा खालच्या सरळ, बिनगाठीच्या आठ-दहा फूट खोडात आहे. आणि त्या खोडाचा शत्रू एकच, शेंडा पोखरणारी अळी. हिप्सिपायला नावाचा करड्या रंगाचा पतंग कोवळ्या शेंड्यावर अंडी घालतो. अळी आत शिरते आणि शेंड्याचा गाभा खात खाली उतरते. शेंडा मेला की झाड तीन-चार बाजूंनी फुटतं, आणि सरळ सोट होणारं खोड झाडूसारखं होतं. याच किडीमुळे महोगनीची सलग लागवड जगात अनेक ठिकाणी फसली आहे. सहा मीटर उंचीपर्यंतची वर्षं धोक्याची.

मी पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्या पावसाळ्यात. सकाळी झाड ठीक होतं. दुपारी सगळ्यात वरची चार पानं मान टाकल्यासारखी लोंबत होती, खालची टवटवीत. वाटलं पाणी कमी पडलं. जवळ जाऊन बघितलं तर देठाच्या बेचक्यात जाळ्यात अडकलेला तपकिरी भुसा, ओलसर, चिमटीत धरला तर चहाच्या चोथ्यासारखा. सिकेटरने वीतभर खाली कापलं. आत काळसर पोकळी होती. अजून चार बोटं खाली कापलं, तरी पोकळी. तिसऱ्या कापाला पांढराशुभ्र, भरीव गाभा लागला, तिथे थांबलो. कापलेला तुकडा उभा चिरला तर आत निळसर झाक असलेली इंचभर अळी.

करायचं ते एवढंच. जून ते नोव्हेंबर दर आठवड्याला एक फेरी, मान वर करून. भुसा किंवा मान टाकलेला शेंडा दिसला की पांढरा गाभा लागेपर्यंत कापा आणि तुकडे जाळा. बांधावर टाकलेत तर अळी तिथेच कोष करते. पंधरा-वीस दिवसांत कापाखाली तीन-चार फुटवे येतात. ते वीतभर झाले की सगळ्यात सरळ आणि जोमदार एक ठेवा, बाकीचे अंगठ्याने मोडा. फवारणीचा फारसा उपयोग होत नाही, कारण अळी लाकडाच्या आत आणि औषध बाहेर. बाजूने हलकी सावली असली की झाड उजेडाकडे सरळ पळतं आणि पतंगालाही शेंडा सहज सापडत नाही. आम्ही पहिली दोन वर्षं दोन झाडांच्या मध्ये शेवरी आणि तूर ठेवली. शेरडांना पाला झाला आणि घरात डाळही आली.

खालच्या फांद्या हिवाळ्यात काढा, खोडालगत पण खोडाची साल न दुखावता, आणि झाडाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापुरत्याच. राहिलेली फांदी पुढे फळीत गाठ होऊन निघते.

टेपने खरं काय ते कळतं

आपल्याकडे उभं किंवा पाडलेलं लाकूड घनफुटावर जातं आणि हिशेब पाव गोलाईचा असतो. गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं, मग लांबीने. खोडाच्या मध्यावर गोलाई चार फूट आणि लांबी बारा फूट असेल तर एक गुणिले एक गुणिले बारा, म्हणजे बारा घनफूट. खरं घनफळ पंधराच्या वर भरतं, पण साल आणि कापणीतली तूट धरून ही रीत चालत आली आहे.

दरवर्षी संक्रांतीला, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला जायच्या आधी, मी शिंप्याची टेप घेऊन फिरतो. छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर, गोलाई मोजून वहीत लिहितो. विहिरीजवळच्या सगळ्यात चांगल्या झाडाची गोलाई नवव्या वर्षी एकोणीस इंच झाली. मुरमाच्या टोकाकडच्या झाडाची अकरा. आठ फूट सरळ खोड धरा आणि वरचा हिशेब करा: पहिल्यात सव्वा घनफूट, दुसऱ्यात अर्ध्या घनफुटालाही कमी. यात गाभ्याचं लाल लाकूड त्याहून थोडं. बाहेरचं पांढरं लाकूड भुंगा खातो.

"बारा वर्षांत एकरी कोटी" असं कुणी सांगितलं तर त्यांना हाच हिशेब कागदावर करून दाखवायला सांगा. झाडागणिक किती घनफूट धरले आहेत, गोलाई किती धरली आहे आणि भाव कुठल्या लाकडाचा धरला आहे. महोगनीचे जे मोठे भाव ऐकू येतात ते शंभर-शंभर वर्षं वाढलेल्या जंगली झाडांच्या गर्द लाल लाकडाचे. ती जंगलं इतकी तुटली की सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराखाली अमेरिका खंडातल्या मोठ्या पानांच्या महोगनीचा व्यापार २००३ पासून परवान्याच्या चौकटीत आला. लागवडीतलं कोवळं लाकूड फिकट आणि हलकं असतं. भरपूर पावसाच्या मुलखातसुद्धा चांगल्या जाडीच्या ओंडक्याला पंचवीस-तीस वर्षं द्यावी लागतात. आपल्याकडे त्याहून कमी धरू नका. नातवंडांच्या नावाने लावा, कर्जाच्या हप्त्याच्या भरवशावर नको.

परत खरेदीचा करार पुढे केला तर त्यात तीनच गोष्टी शोधा: भाव घनफुटावर की टनावर, किमान गोलाई किती, आणि मोजणी कोण करणार. यातलं एकही मोघम असेल तर सही करू नका.

कागदाचं एक काम मात्र दरवर्षी करा. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. झाडं सातबाऱ्यावर चढलेली असली की पुढे तोडीच्या आणि वाहतुकीच्या वेळी ती आपलीच आहेत हे सांगत बसावं लागत नाही. तोडायच्या आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. शहराच्या हद्दीत, अगदी स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

बियांबद्दल एक सांगतो. या कडू बिया मधुमेहावर औषध म्हणून चघळायला कुणी दिल्या तर घेऊ नका. त्यांनी यकृताला त्रास झालेली माणसं आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीच्या जागी बी नको.

फळी घ्यायला जाताना

दुकानात "महोगनी" म्हटलं की बऱ्याचदा समोर येतो तो रंग. तांबूस-तपकिरी डब्यातला. तो बाभळीवर बसतो, कडुनिंबावर बसतो, रबरवुडवरही बसतो. म्हणून पॉलिश केलेल्या वस्तूवरून लाकूड ठरवू नका. ड्रॉवर बाहेर काढून उलटा करा, आतली बिनरंगाची बाजू बघा.

वखारीत कच्ची फळी मागा आणि सुताराला एका जागी रंधा मारायला सांगा. खऱ्या महोगनीचं ताजं लाकूड गुलाबीसर असतं, लालभडक नाही. फळी उजेडात तिरकी फिरवली की गडद-फिकट पट्टे जागा बदलतात, रेशमी काठाचं पातळ हलवल्यासारखे. आता टोकाचा आडवा काप ब्लेडने साफ करा, बोट ओलं करून फिरवा आणि भिंगातून बघा. रंध्रं सगळीकडे सारखी विखुरलेली आणि काहींत काळसर-लाल डिंक भरलेला दिसतो, मधून मधून बारीक फिकट रेघ जाते. पांढऱ्या ठिपक्यांची सलग ओळ दिसली तर ते बहुधा मेरांटी, म्हणजे "फिलिपिन्स महोगनी" या नावाने विकलं जाणारं साल वृक्षाच्या भावकीतलं लाकूड. ते घ्यायला हरकत नाही, महोगनीच्या भावात घेऊ नका.

सोलापुरात लाकडाची परीक्षा हवाच घेते. मार्च ते मे इतकी कोरडी हवा असते की ओलं लाकूड फाटतंच. महोगनी इतर लाकडांच्या मानाने कमी आकसते, तिची खरी किंमत त्यात आहे. तरी कापून आणलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवा. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब पाळा.

आणि रंगाची घाई करू नका. आमच्याकडे वादळात मोडलेल्या एका झाडाची फळी काढली होती. तिच्यावर दहा रुपयांचं नाणं ठेवून ती खिडकीत ठेवली. महिन्याभराने नाणं उचललं तर खाली गुलाबी गोल आणि बाकी सगळी फळी विटकरी झालेली. उजेडाने महोगनी आपोआप गडद होते. टेबल किंवा पाट करायचा असेल तर सगळ्या फळ्या पॉलिशआधी पंधरा दिवस खिडकीच्या उजेडात सारख्याच ठेवा, मधे एकदा उलटा, आणि तेवढे दिवस त्यांच्यावर काहीही ठेवू नका. मग रंगाचा डबा न उघडता नुसती लाखेची स्पिरिट पॉलिश पुरते.